पाण्याखालच्या घराची किल्ली

मी, नबरा सालेह, मूळची जुन्या अशकीनची, जे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, हल्ली राहणार नवे अशकीन, कोम ओम्बोजवळ, निवृत्त शिक्षिका, अविवाहित, आज पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस घातलेले नसताना, माझ्या मागे काय कोणाला द्यावे ते लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात, हृदय थकले आहे. त्यांनी यंत्र लावून सांगितले. मला ते तसेही ठाऊक होते. कागदाला समास सोडला आहे आणि खाडाखोड केलेली नाही, कारण अस्वानच्या मिशनरी सिस्टरांच्या शाळेत ते आमच्या अंगात मुरवले गेले होते.

कलम पहिले. राहते घर भाची शाया हिला द्यावे. हे घर सरकारने नदीच्या बदल्यात दिले. भिंतींना खार फुटतो, दरवर्षी चुना लावावा. आमच्यात दारावरच्या भिंतीत चिनी मातीच्या ताटल्या बसवतात, घर नांदते आहे हे येणाऱ्याला कळावे म्हणून. मी ती जागा मोकळी ठेवली. शायाने हवी तर भरावी.

कलम दुसरे. पोस्टातल्या शिल्लकेतून माझे दफन साधेपणाने करावे. कबरीवर पाण्याचे भांडे ठेवतात तसे ठेवावे आणि ते कोरडे पडू देऊ नये. एवढा एकच लाड मागते.

कलम तिसरे. शिवणाचे यंत्र शायाला. सोबतची कात्री सिस्टर आन्येझे यांची आहे, त्या हयात असल्यास त्यांना परत करावी. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "नबरा, नदीत कोणी राहत नाही. देव वर असतो." मी म्हटले, "सिस्टर, देव वर असू दे. मी शेजाऱ्यांबद्दल बोलते आहे." त्यांनी मला कोपऱ्यात उभे केले आणि जेवायच्या वेळी स्वतःच्या ताटातली अंजिरे दिली. त्यांच्यावर राग नाही.

कलम चौथे. अंगणातला पाण्याचा रांजण मशिदीच्या दारात ठेवावा, येणाजाणाऱ्यांसाठी.

कलम पाचवे. शेजारीण नफीसा हिने माझी पिठाची चाळण नेली ती तिलाच राहू द्यावी. मला "पाण्याची नवरी" म्हणून साऱ्या गल्लीत चिडवले, ते मात्र मी माफ केलेले नाही. खोटे होते म्हणून नव्हे. खरे व्हायचे राहिले म्हणून.

कलम सहावे. जुन्या घराची लाकडी किल्ली. ती माझ्याकडे नाही, मोठा भाऊ शाझली याच्या बैठकीत खिळ्याला टांगलेली आहे. आईने ती मला द्यायची म्हटले होते. ती धरणाच्या तळ्यात, आमच्या बुडालेल्या गावावर सोडावी. माझ्या मिळकतीपैकी मला जिची खरी काळजी आहे ती हीच वस्तू, म्हणून कारण लिहिते.

आमच्या बायका सणाला नदीतल्या लोकांसाठी खजूर आणि लापशी पाण्यात सोडत. मी निळा मासा रंगवलेली चिनी मातीची ताटली घेऊन जाई. माझी ताटली धुऊन परत येई. ती परत देणारा हात मी आधी पाहिला, मग चेहरा. तो कंबरेइतक्या पाण्यात उभा राहून बोले, मी काठावर भांडी घाशीत ऐके. त्याचे नाव लिहीत नाही. ज्याला हाक मारता येत नाही त्याचे नाव कागदावर कोरडे पडते.

धरण होणार, पाणी घरात येणार, असे ठरले तेव्हा सारे गाव रडले. आम्ही दोघेच गुपचूप हसलो. नदीतले लोक कोरड्यात राहत नाहीत, पण घरच पाण्यात आले तर? मी त्याला म्हटले, "दार उघडे ठेवीन. तू आत ये, तिथे राहा. मग मला न्यायला ये." तो म्हणाला, "उघडे असले तरच येईन. बंद दाराला आम्ही हात लावत नाही. बंद म्हणजे नको, एवढेच आम्हाला कळते."

जायच्या दिवशी सगळ्यांनी घरे झाडली, भिंतींचे मुके घेतले आणि दारांना कुलपे लावली. बुडणाऱ्या घरांना कुलपे! किल्ल्या कमरेला खोचून सगळे बोटीत चढले. मी दार सताड उघडे टाकून, तीच निळ्या माशाची ताटली दारावरच्या भिंतीत बसवून पुढे गेले होते. मागून दादा आला. त्याने दार ओढले, लाकडी कुलूप सरकवले. बोट हलल्यावर मला त्याच्या कमरेला किल्ली दिसली. मी किंचाळले. त्या दिवशी सगळेच किंचाळत होते, माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही.

पाण्यातल्या त्याला काय वाटले असेल? नबराने नको म्हटले. बस. याच्यापुढे माझ्या आयुष्यात काही घडलेले नाही. इथे नदी नाही. आई पहिल्याच उन्हाळ्यात घागर घेऊन नदी शोधत हिंडली आणि गेली. मी मुलींना शिकवले, स्थळे नाकारली, कालव्यात खजूर सोडले. ते शेवाळाला अडकून सडत. दादाकडे किल्ली मागितली की तो म्हणे, "किल्ली आहे तोवर घर आहे. कधीतरी पाणी उतरेल." त्याला दुखवायचे नाही म्हणून गप्प बसे. आता वाट पाहण्याचीही ताकद उरली नाही. मी मेल्यावर तरी पाण्यातल्या त्याला कळावे की दार मी लावले नव्हते.

पुढचा मजकूर नंतर लिहिला आहे.

साक्षीदार म्हणून दादाला बोलावले. त्याने चष्मा लावून सहावे कलम वाचले, पुन्हा वाचले आणि कागद आपटला.

"बये, हे मला आत्ता सांगतेस? मेल्यावर?"

"काय सांगू? पाण्यातल्या माणसाला घरात घ्यायचंय, कुलूप काढ?"

"सांगायचंस की! मी शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस जेवलो नसतो. मग काढलं असतं!" दादा रडत होता. "मी तुझं घर राखत होतो गं, नबरे."

"ठाऊक आहे, दादा. म्हणूनच बोलले नाही."

दुसऱ्या दिवशी तो किल्ली घेऊन दारात उभा. आम्ही गाडीने दक्षिणेला गेलो. आमच्या गावामागच्या डोंगराचा माथा अजून पाण्याबाहेर आहे. एका कोळ्याने होडीतून तिथवर नेले. मी किल्ली सोडली. ती बुडेना. कोरडे लाकूड, डुलत तरंगत राहिली.

"लाकूडच ते, तरंगणार नाही तर काय," दादा म्हणाला आणि वल्ह्याने तिला खाली दाबू लागला. ती पुन्हा वर. मला वाटले, एवढेसुद्धा माझ्या नशिबी नाही. मी तोंड झाकून घेतले.

"नबरे," दादा हळूच म्हणाला, "हात."

मी पाहिले तोवर किल्ली गेली होती. पाण्यावर एक भोवरा फिरत होता. 

पुढच्या शुक्रवारी दुपारी नफीसा आरडाओरडा करत आली. "अगं ए, तुझ्या दारापर्यंत ओली पावलं! कालव्यापासून आलीत. आणि ही ताटली कोणी ठेवली?" उंबऱ्यावर निळ्या माशाची ताटली, धुतलेली, कडेला जुन्या भिंतीचा चुना चिकटलेला. माझे दार उघडेच असते. आतल्या अंगणातून रांजणाचे झाकण सरकल्याचा आवाज आला.

तो म्हातारा झालेला नाही, असे नाही. केस पांढरे आहेत. म्हणाला, "दार उघडलं. आत तू नव्हतीस. म्हणून विचारत विचारत आलो."

दादा काठी टेकत आला, त्याला खालून वर न्याहाळले. "कोरड्यात जमत नाही ना तुम्हाला?"

"रांजण आहे," तो म्हणाला.

"म्हणजे घरजावई!" दादा म्हणाला, आणि लग्न त्यानेच लावून दिले.

सबब वरील मृत्युपत्रात असे बदल करते. कलम पहिले: घर तूर्त आम्हा दोघांना लागते, शायाने रागावू नये. दारावरची जागा भरली आहे. कलम चौथे रद्द. रांजण कोणालाही द्यायचा नाही. कलम पाचवे: नफीसाला माफ केले, पण चाळण परत करावी. कलम सहावे पार पडले. वरती "अविवाहित" लिहिले आहे ते खोडते. आयुष्यातली ही माझी पहिली खाडाखोड आहे. डॉक्टरांचे म्हणणे बदललेले नाही. असू दे.

ठिकाण: नवे अशकीन. दिनांक: खजूर उतरवायच्या हंगामातला दुसरा शुक्रवार.

सही: नबरा सालेह

साक्षीदार: शाझली सालेह. हात मी पाहिला, हे शपथेवर.

साक्षीदार: नफीसा इद्रीस. पावले मी पाहिली. चाळण उद्या देते.

पतीची संमती, नाव आणि अंगठा: नाव मी स्वतः स्वच्छ अक्षरात लिहिले होते. त्याने अंगठा टेकवला आणि शाई पसरली. आता ते वाचता येत नाही, पण कागद अजून ओला आहे.