खजुराखालचा आवाज

मंगळवार, दिवेलागण

बाळ पोटातच गेल्यापासून माझी सून प्रज्ञा बोललीच नव्हती. आज शेजारच्या नसीमआपा खजूर घेऊन आल्या आणि कुराणातल्या मरियमची, म्हणजे येशूच्या आईची, गोष्ट सांगत बसल्या. खजुराच्या झाडाखाली बाळंतकळा सोसवेनात, तेव्हा मरियम म्हणाली, याआधीच मेले असते तर बरं. तेवढ्यात खालून आवाज आला, दुःख करू नकोस, खजुराचं खोड हलव.

मी मनातून चिडले. हीच गोष्ट सापडली का यांना?

"आवाज कोणाचा?" प्रज्ञाने विचारलं.

आपा अडखळल्या. कुणी म्हणतं फरिश्त्याचा, कुणी म्हणतं तिच्या नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा, ईसाचा. "मी फरिश्त्याचाच मानते," त्या घाईने म्हणाल्या.

प्रज्ञाने खजूर मुठीत घट्ट धरला.

"नको आपा, बाळाचाच असू दे. कुणाचं तरी बाळ आईशी बोललं."