पितळी डब्यातली नाणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त बस कंडक्टर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले असले तरी डोकं जागेवर आहे. गल्लीतल्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर, दोन खोल्या आणि गच्चीवरच्या टाकीतला निम्मा हक्क, माझ्या एकुलत्या एका मुलीला. न्हाणीघराचा नळ तिने आधी दुरुस्त करावा. मी सांगून थकले.

२. बँकेतली ठेव तिचीच. त्यातून माझ्या ड्रायव्हरला, ज्याच्या मागे उभी राहून मी एकोणीस वर्षं घंटी मारली, चष्मा करून द्यावा. तो मागणार नाही, आणि त्याला दिसत तर काही नाही.

३. थोरल्या दिरांना भिंतीवरचं घड्याळ. मुलीच्या आजारपणात मी त्यांच्या दारात गेले, तेव्हा त्यांना वेळ नव्हता. राग आता उरलेला नाही, पण घड्याळ त्यांनाच जावं.

४. कपाटातला पितळी डबा मुलीला. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तोंडाने सांगायचा धीर चाळीस वर्षांत झाला नाही.

बाळा, तू दीड वर्षाची असताना तुझ्या हृदयाला छिद्र होतं. ऑपरेशनचा खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा. मी हा डबा घेऊन रोज बसमध्ये उभी राहिले. एकाकडून एकच नाणं, नोट घ्यायची नाही, असा माझा नेम. कुणाला जड जाऊ नये म्हणून. ओळखीच्यांनी दिलं, आणि जे पुन्हा कधी दिसले नाहीत त्यांनीही दिलं.

ड्युटीवर कंडक्टरजवळ हिशेबाबाहेरचा पैसा सापडला की नोकरी जाते. एके सकाळी तपासनीस चढले आणि त्यांनी डबा उघडला.

"बाई, हे कुणाचे?"

पुढच्या बाकावरची एक बाई उठली. "माझे आहेत साहेब, यांच्याकडे ठेवायला दिले होते," म्हणत तिने मूठभर नाणी उचलली. मागून एक म्हातारा म्हणाला, "थांबा, त्यात माझेपण आहेत." मग एकेक करत सगळी बस उठली. डबा रिकामा झाला. साहेबांना लिहायला काही उरलं नाही, तरी ते हट्टाने आणखी तीन थांबे बसून राहिले.

त्या तीन थांब्यांवर कुणीही उतरलं नाही. ज्यांची कचेरी मागे राहिली, तेही मुठी मिटून बसले होते. साहेब उतरले तसा डबा हातोहात फिरून माझ्याकडे आला. आता तो इतका भरला होता की त्याचं झाकण लागत नव्हतं. एवढं मोठं मी आयुष्यात पुन्हा काही पाहिलं नाही.

तू अभिमानाने म्हणतेस, "मी कुणाचं काही घेतलेलं नाही." तुझ्या मानेवर ओझं नको म्हणून मी गप्प बसायचे. ती माणसं आता तुला शोधून सापडणार नाहीत. तेव्हा एवढंच कर. बसमध्ये शेजारी कुणीही येऊन बसलं, तर तो त्यांच्यातलाच आहे असं समज, आणि खिडकीची जागा त्याला दे.

हा मजकूर मी दोनदा वाचला. त्यात बदल नाही.

सही: (लिहून देणारी)
साक्षीदार पहिले: गल्लीतले डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसऱ्या: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका (सही)
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर