बाबांची डिस्क रिकामी नव्हती

रत्नागिरी
मंगळवार, वैशाख पौर्णिमा

प्रिय बाबा,

आधी चुकीची दुरुस्ती. तुमच्या वर्षश्राद्धाला लिहिलेल्या पत्रात मी म्हटलं होतं की तुमच्या कपाटातली काळी हार्ड डिस्क जोडून बघितली आणि ती रिकामी निघाली. ते खरं नव्हतं. मी मुद्दाम खोटं लिहिलं नाही, पण नीट न तपासता लिहिलं, आणि तुमच्या लेखी त्यात फारसा फरक नसायचा. डिस्क भरलेली होती. ती मॅकची होती आणि मी ती विंडोजला दाखवत बसले होते.

पडद्यावर प्रश्न आला होता, डिस्क फॉरमॅट करू का? बाबा, माझं बोट 'हो'वर होतं! क्लासमध्ये मुलींना कॉम्प्युटर शिकवताना रोज सांगते की वाचल्याशिवाय काही दाबू नका, आणि मी स्वतः... तेवढ्यात आईने मागीलदारातून हाक मारली, "अगो बायो, कावळा शिवला, ये लवकर!" म्हणून मी उठले. तो कावळा तुम्ही असाल, तर अगदी वेळेवर आलात.

आजच लिहायचं कारण सांगते. परवा वसंतकाकांचा सत्कार आहे, वाचनालयाच्या सभागृहात. 'वसंत' या फॉन्टचे निर्माते म्हणून. तुमच्या फॉन्टचे!

आरे-वारेपासून गणपतीपुळ्यापर्यंत जेवढ्या लॉजच्या पाट्या आहेत, जेवढ्या आंब्याच्या पेट्यांवर नावं छापली आहेत, तेवढ्या सगळ्यांवर तुमचं अक्षर आहे. आणि गावाच्या लेखी तुम्ही कोण? वसंतकाकांच्या प्रेसमधले भाऊ, लग्नपत्रिका जुळवणारे. काका जेवून वामकुक्षीला घरी जायचे तेव्हा केबिनमधला तो मॅक दोन तास तुमचा असायचा. अशा वर्षानुवर्षांच्या दुपारी घालवून तुम्ही एकेक अक्षर काढलंत. मग त्यांनी त्याला स्वतःचं नाव दिलं आणि तुम्हाला म्हणाले, "भाऊ, आता सगळं कॉम्प्युटरवर. तुम्हाला ते जमायचं नाही."

जमायचं नाही! आणि तुम्ही टोपी घालून घरी आलात.

निरोपाला त्यांनी तो ऑफिसचा जुना डबा दिला होता, आठवतो? पत्रिका टाइप करायचा, पिवळा पडलेला पीसी. रिक्षात ठेवताना हसून म्हणाले होते, "जुन्याला जुनं शोभतं, भाऊ." मी शेजारी उभी होते. तुम्हीही हसलात. बाबा, तुम्ही का हसलात? मी तुमच्यावर आजही त्याबद्दल रागावलेली आहे. विचारलं तर म्हणायचात, "अक्षर वाचता आलं की झालं. लिहिणाऱ्याचं तोंड कशाला बघायचंय कोणाला?" किती सोपं करून ठेवलंत तुम्ही त्यांचं काम!

तर त्याच डब्याचा मी मॅक केला.

दुसरा इलाज नव्हता. गावात माझ्या माहितीतला एकच मॅक, तो काकांच्या केबिनमध्ये. मुंबईच्या एका दुकानदाराने फोनवर सांगितलं, कुरियरने पाठवा, बघतो. तुमची डिस्क कुरियरने? मी तर ती बाजारात नेतानाही पिशवीत नाही, छातीशी धरते. मग क्लासच्या इंटरनेटवर वाचायला लागले. साध्या पीसीवर मॅकची सिस्टिम बसवणारे लोक जगात पुष्कळ आहेत, आणि ते आपल्या चुका फार प्रामाणिकपणे लिहून ठेवतात. तुम्हाला आवडले असते.

मेमरी वाढवली. नवी हार्ड डिस्क घातली, कारण जुनीवरच्या पत्रिका पुसायला हात होईना. चार वेळा बसवलं आणि चार वेळा फसलं. फसलं की पडद्यावर वरून हळूहळू एक करडा पडदा उतरायचा आणि चार भाषांत सांगायचा, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. चार भाषांत, त्यात एकही आपली नाही! प्रत्येक पायरी मी वहीत लिहीत होते, तुमच्या पद्धतीने, आधी तिथी मग धडा. त्यामुळे पाचव्या वेळी कळलं की चूक मशीनची नव्हती. एक सेटिंग मी घाबरून दर वेळी जुन्यावर परत नेत होते. आवाज अजून येत नाही, चित्र थोडं ताणलेलं दिसतं, नेटला जोडलं जात नाही. पण चालू होतो.

एक कबुली द्यायची आहे. सिस्टिमची सीडी मी अस्सल मागवली. पण परवान्यात लिहिलं होतं की ही फक्त त्यांच्याच मशीनवर घालायची. तुम्ही शिकवलंत की सगळं वाचल्याशिवाय सही करू नये. मी सगळं वाचलं, आणि तरी 'मान्य' दाबलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. नंतर मनाशी म्हटलं, मोडलेल्या शब्दांचा हिशेब लावायला बसलं, तर या गोष्टीत माझा नंबर फार मागे लागतो.

शुक्रवारी दुपारी, वीज जायच्या आधी, तुमची डिस्क जोडली. काही विचारलं नाही त्याने. फक्त पडद्याच्या कोपऱ्यात एक चित्र आलं आणि खाली नाव: कातळ.

तर तुम्ही तुमच्या फॉन्टला कातळ म्हणत होतात! आम्हाला का नाही सांगितलंत?

आत सगळं होतं. पेन्सिलीने काढलेल्या अक्षरांचे स्कॅन, एकेका वळणाचे दहा-दहा नमुने, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिथी. आणि सगळ्यात खाली माझी पाटी.

नऊ वर्षांची होईपर्यंत दम्यामुळे मला शाळेत घातलं नव्हतं. ओटीवर तुमच्यासमोर बसून शिकले. माझा ळ कधीच नीट यायचा नाही, डावा गोल इवलासा आणि उजवा लोंबलेला. तुम्ही म्हणायचात, "एका कानात डूल, दुसऱ्यात लोलक! राहू दे, छान दिसतोय." शाळेत जायच्या आदल्या दिवशीची पाटी तुम्ही पुसू दिली नव्हतीत, ती पुढे फुटली. पण त्याआधी तुम्ही ती प्रेसमध्ये नेऊन स्कॅन केली होतीत. अख्खी पाटी ळ ने भरलेली, वर माझ्या हाताने तिथी. शेजारच्या फाइलमध्ये तोच ळ, तुम्ही घासूनपुसून फॉन्टमध्ये बसवलेला. डूल आणि लोलक, दोन्ही तसेच.

गणपतीपुळ्याच्या प्रत्येक पाटीवर माझा ळ आहे, बाबा. इतकी वर्षं त्या रस्त्याने जाते आणि मला कळलं नाही.

आईला हाक मारली. ती आमसुलं वाळत घालत होती, लाल हातांनीच आली. गेले सहा महिने ती एकच सांगत होती, "कशाला उकरतेस? मेलेल्याला कोणी पगडी घालत नाही." पडद्याजवळ वाकून तिने ळ बघितला. मग म्हणाली, "वसंता ह्याला स्वतःच्या आजोबांचं वळण म्हणतो होय?"

"पेपरात तसंच छापून आलंय."

"मग विचार त्याला, आजोबांना दमा होता का."

अशी आई मी पहिल्यांदा पाहिली.

आणि आता गंमत ऐका. रविवारी काका स्वतः घरी आले. पायरीवर चप्पल काढताना म्हणाले, "बायो, गुरुवारी दोन शब्द बोल हो. भाऊ होते ना आमच्याकडे. बिचारे खरडायचे काहीबाही, मी सांगेन तसं. तुला बोलावलं तर बरं दिसेल."

मी म्हटलं, "बोलते, काका."

"आणि तुमच्या क्लासचा तो प्रोजेक्टर आण. माझे जुने फोटो दाखवायचेत."

"आणते. जोडायला कॉम्प्युटरही माझाच आणते, तुम्हाला त्रास नको."

"वा! बापापेक्षा हुशार निघालीस," म्हणाले आणि कोकम सरबत पिऊन गेले. आईने पेला दोनदा घासला.

मला क्षमा करायची नाही. तुम्ही केली असेल, ती तुमची. तुमची प्रेस सुटल्यावर रस्त्यात आपल्याला बघून ज्यांनी मान फिरवली, त्या सगळ्यांसमोर मला काकांचा चेहरा उतरताना बघायचा आहे. मी रोज आरशासमोर तो एकच प्रश्न म्हणते, आवाज कापू नये म्हणून: "काका, हा ळ असा का आहे, ते सांगता?" एवढाच. मग पाटी दाखवायची.

पण एक गोष्ट तीन दिवस मला खात होती. आकड्यांच्या कागदावर तुम्ही पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलंय: '५ आणि ९ वसंतरावांनी काढले.' कोणी विचारलं नव्हतं, कोणी बघणार नव्हतं, तरी लिहिलंत! पहिल्यांदा वाटलं, तो कागद बाजूला ठेवावा. कोणाला कळणार? मग कळलं की तो लपवला तर माझ्यात आणि काकांच्यात फरक काय उरला. आणि नंतर लक्षात आलं, यापेक्षा मोठा सूड नाहीच. तो कागद सर्वांत शेवटी दाखवणार. सगळ्या सभागृहासमोर म्हणणार, "हा पाच आणि हा नऊ काकांचा आहे. बाबांनी तसं लिहून ठेवलंय. बाकी कातळ माझ्या बाबांचा." त्यांचं जेवढं आहे तेवढं चोख त्यांच्या पदरात घालणार. दोन आकडे. घरी घेऊन जाऊ देत.

डबा आज दोनदा चालू करून बघितला. उद्या पुन्हा बघीन. डिस्कच्या दोन प्रती केल्यात, एक आईच्या ट्रंकेत आहे. आई म्हणते निळी साडी नेस आणि बोलताना कुबड काढू नकोस.

वचन देते, आवाज चढवणार नाही, एक शब्द जास्त बोलणार नाही, आणि तुमच्यासारखी हसणारही नाही. नवी पाटी आणली आहे, ती सोबत नेणार. ळ तिथेच काढीन, सगळ्यांदेखत. तिथी मात्र आताच घालून ठेवली आहे, तुम्ही शिकवलीत तशी, वर उजव्या कोपऱ्यात:

गुरुवार, वैशाख वद्य द्वितीया.

तुमची,
बायो