माठाखालचा ट्रे

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, केंदूर

व्हायोलाचं पहिलं फूल उमललं आज! जांभळं, मधे पिवळं, रुपयाएवढं. आणि रोप विकतचं नाही, बियांपासून मी केलेलं.

गणपतीत पहिलं पाकीट झेंडूसारखंच उन्हात पेरलं होतं. एक बी उगवेल तर शपथ. याला अंधार आणि गारवा लागतो हे मागून कळलं. मग नवरात्रात दुसरा ट्रे ओल्या पोत्यानं झाकून थेट माठाखाली सरकवला. सासूबाई रोज कुरकुरायच्या, "पाणी घ्याया गेलं की पायातच येतंय हे!" कोंब येईपर्यंत मी हलवला नाही, मग रोप कुंडीत लावलं.

पण घरातलं पहिलं फूल त्या तोडून देवाला वाहतात, त्यात आज लक्ष्मीची पूजा. नको कशी म्हणू? एवढंसं एकच फूल. तोडताना बघवेना म्हणून स्वयंपाकघरातच थांबले.

बाहेर आले तर पाटाशेजारी अख्खी कुंडी. फूल देठावर तसंच.

"तोडाया हातच उठला न्हाई," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. सासूबाई प्रत्येकीला कुंडीपाशी नेऊन सांगत होत्या, "उन्हात न्हाई जमत याला. माठाखाली ठिवाय लागतंय. आमच्या सुनंला इचारा."