हेल्मेट काढून घेण्याचा अधिकार

मी, सुखदेव भिकाजी तायडे, राहणार लेस्टर, निवृत्त लॅब टेक्निशियन आणि कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा माजी कोच, कोणाचाही दबाव नसताना आणि डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. ते किती काळ राहील हे मात्र त्या पत्रात नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. याची इंग्रजी प्रत सॉलिसिटरबाईंकडे आहे. तिच्यात मालमत्ता सगळी आली आहे, फक्त माझा राग गाळला आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी लता हिला, व तिच्या पश्चात मुलगी तनिषा हिला मिळावी. गॅरेजमधले जुने शोल्डर पॅड घर विकण्याआधी फेकून द्यावेत. त्या वासात कोणी घर घेणार नाही.

२. माझे मेहुणे राजेंद्र, राहणार स्लाऊ, यांना माझी एकमेव ट्रॉफी द्यावी, तीही उपविजेतेपदाची. प्रत्येक लग्नात चारचौघांत ते मला विचारत आले, "दाजी, ती अंड्यासारखा बॉल घेऊन ढकलाढकली अजून चालू आहे का? त्याचे पैसे तरी देतात का?" देत नव्हते. ट्रॉफी त्यांनी दिवाणखान्यात ठेवावी आणि रोज पुसावी.

३. शिट्टी आणि डावपेचांची फाइल सध्याचा कोच प्रणव याला द्यावी. मी अकोल्याहून शिकायला आलो तेव्हा हा खेळ पाहिलाही नव्हता. अंगाने दांडगा म्हणून मला पुढच्या रांगेत उभे केले आणि तिथे मी डोक्यावर भरपूर मार खाल्ला. पुढे कोच झालो. संघात नर्सिंगची मुले, कायद्याची मुले, आणि रग्बीवाल्यांनी तुडवून ठेवलेले चिखलाचे मैदान. आम्ही बहुतेक वेळा हरलो. पण एक नियम मी कधी मोडला नाही, तो प्रणवनेही मोडू नये.

कोणाच्या डोक्याला मार लागला की मी तीन प्रश्न विचारी: आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, शेवटचा गुण कोणी केला? एक जरी उत्तर चुकले तरी हेल्मेट काढून घ्यायचे आणि लपवायचे. नुसते बाकावर बसवून भागत नाही. पोरगा "आय ॲम फाइन, कोच" म्हणतो आणि नजर चुकवून पुन्हा मैदानात घुसतो. हेल्मेटच नसेल तर जाणार कुठे? मी ते पाठीमागे धरून उभा राही. शिव्या खाल्ल्या, पण दिले नाही.

४. माझा मेंदू संशोधनाला द्यावा. त्यात काय निघेल याची मला धास्ती आहे, पण तेव्हा ते ऐकायला मी नसेन. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील घ्यावे, इतर कोणतेही कर्मकांड करू नये. राजेंद्र यांना भाषण करू देऊ नये.

५. आता गाडी. हे कलम मी मरण्याची वाट न पाहता लागू करावे.

गेल्या महिन्यात नात सिया हिला शाळेतून आणताना मी राउंडअबाउटच्या गोल चौकात उलट्या बाजूने शिरलो. समोरून व्हॅन आली. मागून सिया ओरडली, "आजोबा, तुम्ही राँग वे जातेय!" व्हॅनवाला वेळेवर थांबला म्हणून ती घरी आली. तनिषाने विचारले, "बाबा, तुम्ही ओके आहात ना?" मी म्हणालो, "आय ॲम फाइन." आयुष्यभर ज्या शब्दांवर मी विश्वास ठेवला नाही, ते माझ्या तोंडून सहज निघाले. तेव्हापासून मला स्वतःची भीती वाटते. उद्या सिया मागे बसलेली असेल आणि मला ती आठवणार नाही.

म्हणून लता हिला मी पूर्ण अधिकार देतो. तिने मला ते तीन प्रश्न विचारावेत. चुकलो तर किल्ल्या काढून घ्याव्यात. मी ओरडेन, गोड बोलेन, मला काही झालेले नाही म्हणेन. माझे ऐकू नये.

सॉलिसिटरबाई म्हणतात की आपले काय आहे आणि आपले कोण आहेत एवढे ज्याला कळते, तो विसराळू असला तरी मृत्युपत्र करू शकतो. ते मला कळते. तरीही सही करण्यापूर्वी लताने साक्षीदारांसमोर मला प्रश्न विचारले. आपण कुठे आहोत? घरी, लेस्टरला. समोर कोण आहे? शेजारचे श्रीकांत, आणि संघाची फिजिओ मायरा. काल प्रणवची मॅच कोणी जिंकली?

मी म्हणालो, "आपण."

मायरा काल मैदानावर होती. तिने खाली पाहिले.

पेन घ्यायला मी कोटाच्या खिशात हात घातला. पेन होते. किल्ल्या नव्हत्या.

"लता, किल्ल्या कुठे आहेत?"

"कसल्या किल्ल्या?" ती म्हणाली. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते.

मी हात पुढे केला नाही. सही केली.

सही: सुखदेव भिकाजी तायडे
आम्हा दोघांच्या समक्ष केली:
साक्षीदार: श्रीकांत देवधर, मायरा शेख
स्थळ: लेस्टर. दिनांक: १९ ऑक्टोबर २०२५