कडेपर्यंत चीज

३ मार्च, मंगळवार

माझ्या जिभेला हाड नाही! आज डबा खाताना चिनीमाती म्हणाला, "इतकी वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली, रात्रीचं जेवण म्हणजे चीज टोस्ट. पण धड टोस्ट एकदाही मिळाला नाही. एक तर पाव गचगचीत, नाहीतर चीज चामडं." आणि मी — जिने जन्मात चीज टोस्ट केलेला नाही, ती मी — म्हणाले, "माझ्या हातचा खाल्ला नाहीत ना, म्हणून!"

"मग कधी खायला घालताय?"

"बावीसला. रविवार आहे. घरी या."

घरी या!! त्या दिवशी दादा-वहिनी वहिनीच्या माहेरी जाणार आहेत. हे मला नेमकं त्याच क्षणी कसं आठवलं कोण जाणे. (खोटं. पक्कं माहीत आहे कसं आठवलं.)

चिनीमाती हे नाव मीच ठेवलंय, अर्थात मनातल्या मनात. लॅबमध्ये मी कवळ्या करते, तो चिनीमातीचे सुटे दात करतो. ब्रशने थरावर थर चढवत बसतो आणि ओठ दुमडून घेतो. बघत बसावंसं वाटतं. बघतेच.

५ मार्च, गुरुवार

पहिला प्रयत्न. ताजा पाव, चीजचा जाडजूड काप, तवा कडकडीत. खाली कोळसा, वर चीज आपलं निवांत, जसं ठेवलं तसं! वहिनी वासाने धावत आली. "काय गं, चप्पल भाजलीस?" दादाने मात्र खाल्ला. दादाच्या मताला काडीची किंमत नाही, तो काहीही खातो.

६ मार्च, शुक्रवार

वहिनीला राहवलं नाही. "किसून घे ना! काप वितळेपर्यंत पाव जळणारच. आणि पाव कालचा घ्यावा, ताजा पाणी सोडतो." किसलं. वितळलं! पण मधोमध ढीग केला होता, कडा उघड्या राहिल्या, त्या काळ्या पडल्या. म्हणजे चीज कडेपर्यंत न्यायचं, अगदी काठोकाठ. वहिनीने विचारलं, "एवढं काय खूळ घेतलंयस?" म्हटलं, लॅबमध्ये पैज लागलीय. ती "हं" म्हणाली. तिचा "हं" मला आवडला नाही.

९ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी — लॅब त्यांचीच — सगळ्यांना बोलावून सांगितलं की चिनीमातीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबने बोलावलंय. या महिन्यातच जाणार. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मीही केलं, बत्तीशी दाखवून! मग आत जाऊन एका बिचाऱ्या आजोबांच्या कवळीची दाढ उलटी बसवली.

तो जायला नकोय मला. घ्या, लिहून टाकलं. चाळिशी उलटल्यावर हे असलं लिहितेय! बावीसला त्याला सांगणार आहे, जाऊ नका. पण आल्या आल्या कसं सांगणार? आधी टोस्ट. टोस्ट असा झाला पाहिजे की त्याने डोळे मिटावेत. डोळे मिटलेल्या माणसाला काहीही सांगता येतं.

११ मार्च, बुधवार

आजचा गाढवपणा! झालं असं की घरी तव्यावर आच फक्त खालून लागते. आणि लॅबमध्ये तर साच्यातलं मेण जाळायची भट्टी आहे, चारी बाजूंनी तापणारी! सगळे चहाला खाली गेले. मी पावाचा तुकडा चिमट्यात धरून आत सरकवला. तेवढ्यात फोन. एक बाई, कवळी टोचतेय म्हणून रडकुंडीला आलेल्या. त्यांची समजूत घालून येते तो खोलीभर धूर!

डॉक्टर धावत वर. "कोणाची कवळी जळली?"

"कवळी नाही... पाव."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मागे चिनीमाती भिंतीकडे तोंड करून उभा. खांदे गदगदा हलत होते. मेले मी!

पण नंतर माझ्या टेबलाशी आला. "भट्टी कशाला हवी? झाकण ठेवा की. आतल्या आत वाफ कोंडली की वरूनही शिजतं. आणि घाई नको. आमचा दात बघा, हळूहळू तापवायचा आणि काढल्यावर निवांत ठेवायचा. नाहीतर गेलाच तडा." किती वेळ बोलत होता! मी मान डोलावत होते. ऐकलं निम्मंच, त्याचा खालचा डावा सुळा जरा वाकडा आहे. कोणी सरळ केला तर बघा.

१२ मार्च, गुरुवार

झाकण!! झाकण!!!

१३ मार्च, शुक्रवार

दोन टोस्ट (चीजमध्ये मोहरीची पूडही घालून पाहिली) डब्यातून लॅबमध्ये नेले. दातांच्या रंगांची पट्टी असते ना आमची, तिच्याशी भाजल्याचा रंग ताडून बघायचा होता. निष्कर्ष: ज्या रंगाचा दात लावला तर माणूस भांडायला येईल, त्या रंगाचा टोस्ट उत्तम. जन्मभर विडी ओढलेल्या माणसाचा दात. त्याच्या पुढे गेला की कडू.

दुपारी डबा उघडते तर एकाचा लचका तोडलेला! कोण ते विचारायचीसुद्धा गरज नाही. लचक्यावर उमटलेले पुढचे दोन दात माझ्याच हातच्या कवळीतले, उजवा किंचित पुढे, आपल्याला तसाच हवा म्हणून डॉक्टर हटून बसले होते. डबा नेऊन त्यांच्यासमोर ठेवला. ते चष्मा पुसत म्हणाले, "मोहरी जास्त झालीय." आणि उरलेला उचलला. भट्टीवरून आता मला काही बोलायची सोय राहिली नाही त्यांना!

१७ मार्च, मंगळवार

आज "तू" म्हणाला. "तू तो मोठा चिमटा घेतलास का?" मग घाईघाईने "घेतलात का". कान लाल! त्याचे. माझेही असतील, आरशात बघायची हिंमत झाली नाही.

१९ मार्च, गुरुवार

सगळं जमलं आणि ताटलीत काढला तर खालून गचगचीत! रडूच यायचं बाकी होतं. वहिनीने टोस्ट उलटा करून बघितला. "गरम गरम ताटलीत टाकतेस, घाम येणारच त्याला." जाळीवर ठेवला. खालून कुर्रर्र. वहिनीच्या गळ्यातच पडले. "पैज मोठी दिसतेय," ती म्हणाली. मी टोस्टचा आणखी एक घास घेतला, ती भांडी घासत राहिली.

२० मार्च, शुक्रवार

आता डोळे मिटूनही करीन. कालचा पाव, बोटभर जाड. मंद आचेवर एकच बाजू कोरडी भाजायची, लालसर होईतो, मग तव्यावरून उतरवायचा. दोन चीज, एक ओढलं तर तार धरणारं, एक जुनं, जिभेला चावणारं. दोन्ही किसून त्यात चमचाभर दूध, मिरी, चिमटीभर मोहरीची पूड (डॉक्टर, चिमटीभरच!). भाजलेल्या बाजूवर चीज पसरायचं, काठोकाठ. उघड्या बाजूला लोणी लावून ती तव्यावर. कडेने पाण्याचे दोन थेंब, लगेच झाकण. चीज हलायला लागलं की झाकण काढायचं आणि — इथेच सगळे फसतात — आणखी थोडं थांबायचं, म्हणजे वाफ उडते आणि बूड कडक होतं. मग जाळी. मग एक श्वास. मग खायचा.

असा टोस्ट खाऊन कोणी गाव सोडून जाईल? शक्यच नाही!

२१ मार्च, शनिवार

आज लॅबमधला त्याचा शेवटचा दिवस. ब्रश धुऊन, पुसून डबीत भरत होता. मला बघवेना. मी उगाचच प्लास्टर कालवत बसले, आणि ते भांड्यातच घट्ट झालं.

दादा-वहिनी संध्याकाळीच निघाले. दादा म्हणाला, "माझ्यासाठी चार ठेव." वहिनीने त्याला दाराबाहेर ढकललं आणि मागे वळून म्हणाली, "निळा ड्रेस घाल. आणि टोस्टच्याच गप्पा मारत बसू नकोस." म्हणजे माहीत होतं! पहिल्यापासून!

पाव आणलाय. उद्या तो बरोबर कालचा होईल.

२२ मार्च, रविवार

टोस्ट केलेच नाहीत. दार उघडलं आणि तोंडातून निघून गेलं, "जाऊ नका." तो म्हणाला, "जावं तर लागेल. शब्द दिलाय. त्यांना कवळ्या करणारंही कोणीतरी हवंय... येशील?"

तो थांबत नाहीये. मी जातेय!