बोटभर फट

३ मार्च
धाकटी आली. आमच्या दीपगृहाची मुख्य अधिकारी म्हणून! चौदा वर्षं मी इथल्या काचा पुसतेय आणि खुर्ची माझ्या सख्ख्या बहिणीला. वर म्हणते कशी, "ताई, घरात तू मोठी, इथे मी." हसत म्हणाली. अंगाची नुसती लाही लाही झाली.

४ मार्च
खोटं कशाला लिहू? पोटात दुखतंय माझ्या.

६ मार्च
आता नवीन खूळ. गेल्या महिन्यात एक मालवाहू बोट डावीकडच्या खडकाला घासली, त्याची चौकशी करणार बाईसाहेब. कप्तान म्हणतो, "मी पांढऱ्यातच होतो." प्यायलेला असणार मेला! मधल्या वाटेने आलात तर आमचा दिवा पांढरा दिसतो. खडकाकडे सरकलात की लाल, दुसऱ्या बाजूला गाळाकडे गेलात की हिरवा. रंग बदलला की बोट वळवायची. यात चुकायचं काय?
आणि खडकाच्या बाजूला दिव्यापुढे असते ती लाल काच चार वर्षांपूर्वी मी बसवलीय. कडेने फडकं जावं म्हणून बोटभर फट ठेवून, माझ्या डोक्याने! धाकटी तेव्हा सुट्टीवर आली होती. नुसती चौकट धरून उभी.

७ मार्च
दिवेलागणीला ती नावेतून खडकापाशी जाऊन आली. "ताई, तिथे पांढराच दिसतो गं." सगळ्यांसमोर! मी म्हटलं, "डोळे तपासून घे." शिपाई फिस्सकन हसला. बरं वाटलं.

९ मार्च
तिला न सांगता मीच नाववाल्या काकांबरोबर गेले. खडक इतका जवळ की लाटांचं पाणी तोंडावर उडत होतं. आणि दिवा — पांढरा! काका म्हणाले, "आम्ही कुठे दिवा बघतो बाई, आम्हाला खडक पाठ आहे."
माझी फट. तिच्यातूनच पांढरा उजेड जात होता. इथे बोटभर, तिकडे अख्खा खडक! वर जाऊन काच सरकवली, फट बंद केली.

१० मार्च
सांगायला गेले तिला. नोकरी गेली तर? आणि मान खाली घालायची ती हिच्यापुढे? "चहा घेतेस?" एवढंच विचारून परत आले.

१२ मार्च
तिचा अहवाल टेबलावर होता. वाचला. "काच बसवताना चौकट मी धरली होती. माझा हात सरकला. जबाबदारी माझी." खाली सही.
इथेही पहिला नंबर हिचाच! चूक माझी आहे. तीसुद्धा हीच नेणार? कागद फाडला. नवा घेतला. लिहिलं — फट मी ठेवली.